खाटांचा हिशेब आणि घाटाखालचा मुलुख



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. विषय इतिहासाचा असावा, एवढीच संयोजकांची अट होती. इतिहास म्हटला की आपल्या भागात देवगडचे गोंड राज्य, नागपूरकर भोसले आणि स्वातंत्र्याचा लढा हे विषय ओघानेच पुढे येतात. मी निवडलेला विषय त्या मानाने रूक्ष वाटेल. आजारी, जखमी आणि दुबळ्या माणसांसाठी असलेल्या खाटांवर सरकारने कशा प्रकारे नियंत्रण ठेवले, त्या खाटा कोणी मोजल्या, आणि त्या मोजणीत पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला कोठे जागा मिळाली, हा तो विषय होय. तो रूक्ष असला तरी परका नाही, हे शेवटपर्यंत ऐकल्यावर आपल्यालाही पटेल अशी आशा आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि गोटमार होते. त्या दिवशी प्रशासन आधीपासून तयारीला लागते. तात्पुरती उपचार केंद्रे उभी राहतात, डॉक्टरांच्या नेमणुका होतात, रुग्णवाहिका सज्ज असतात. जखम गंभीर असेल तर गाडी नागपूरच्या वाटेला लागते. म्हणजे वर्षातून एक दिवस तरी आपल्याकडे किती माणसे जखमी होतील, त्यांना किती जागा लागेल आणि येथे जे होणार नाही ते कोठे होईल, याचा विचार आगाऊ केला जातो. उरलेले दिवस हा हिशेब कोण करतो? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच आहे.

१. शब्द आणि कायदा

प्रारंभी शब्दांचा विचार करू. आपण ज्याला सर्रास ‘नर्सिंग होम’ म्हणतो, त्याला महाराष्ट्राच्या कायद्यात ‘शुश्रूषागृह’ आणि मध्य प्रदेशाच्या कायद्यात ‘उपचर्यागृह’ असे नाव आहे. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आज्ञा ऐकून सेवा करणे, आणि पुढे रोग्याची सेवा करणे, असा त्याचा अर्थविस्तार झाला. अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हणजे वृद्ध आणि परावलंबी माणसांनी दीर्घकाळ राहण्याची जागा. आपल्याकडे मात्र त्याच नावाने डॉक्टरांचे खाजगी इस्पितळ ओळखले जाते. तेथे शस्त्रक्रिया होतात, बाळंतपणे होतात आणि चार-आठ दिवसांत रोगी घरी जातो. एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी नांदत असल्यामुळे पुष्कळ घोटाळा झाला आहे.

या कायद्याचे मूळ इंग्लंडात आहे. तेथे १९२७ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याच धर्तीवर मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि त्यांची शुश्रूषा जेथे होते ती जागा म्हणजे शुश्रूषागृह, असा या कायद्यांतील व्याख्येचा साधारण आशय आहे. नोंदणी केव्हा नाकारता येईल याची कारणेही कायद्यात दिली आहेत. अर्ज करणारा त्या कामास योग्य नसेल, व्यवस्था शिक्षित डॉक्टराच्या किंवा परिचारिकेच्या हाती नसेल, जागा, बांधकाम, नोकरवर्ग वा साधने पुरेशी नसतील, तर दाखला मिळणार नाही.

मध्य प्रदेशाने आपला कायदा १९७३ साली केला. त्याचे नाव लांबलचक आहे: मध्यप्रदेश उपचर्यागृह तथा रुजोपचार संबंधी स्थापनाएँ (रजिस्ट्रीकरण तथा अनुज्ञापन) अधिनियम. नोंदणी आणि परवाना ही दोन्ही बंधने त्यात आहेत, आणि शारीरिक उपचारांच्या म्हणजे आज ज्याला फिजिओथेरपी म्हणतात त्या संस्थांचाही त्यात समावेश आहे. त्याखालचे नियम मात्र १९९७ साली आले. कायद्याच्या मागून नियम यायला चोवीस वर्षे गेली, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

या सर्व कायद्यांत एक साम्य आहे. ते जागेची योग्यता तपासतात. खोली केवढी आहे, परिचारिका किती आहेत, दाखला कोणाच्या नावाने आहे, हे ते विचारतात. या गावाला, या तहसिलीला किती खाटांची गरज आहे आणि किती आहेत, हे ते विचारत नाहीत. नागपूरच्या एका रस्त्यावर वीस शुश्रूषागृहे ओळीने उभी राहिली तरी कायद्याची हरकत नाही, आणि घाटाखालच्या एखाद्या गटात एकही उभे राहिले नाही तरी कायद्याला त्याची चिंता नाही. योग्यतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे यात शंका नाही. अयोग्य जागेत रोग्याचे प्राण जातात. परंतु योग्यता आणि गरज हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या कायद्यांनी पहिल्याचेच उत्तर शोधले.

२. गरजेची पहिली मोजणी

गरजेचा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलाच नाही, असे मात्र नव्हे. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश सरकारने एक समिती नेमली, आणि तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. या समितीने खाटा मोजल्या. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात हजार लोकांमागे ०.२४ खाट होती, म्हणजे चार हजार माणसांना एक खाटही धडपणे येत नव्हती. त्याच वेळी इंग्लंड-वेल्समध्ये हजारी ७.१४ आणि अमेरिकेत १०.४८ खाटा होत्या. समितीने दूरच्या पल्ल्यासाठी हजारी ५.६७ खाटांचे लक्ष्य सुचविले होते. प्रत्येक खाट कोणत्या पातळीवर असावी, खेड्याजवळ किती आणि जिल्ह्याच्या ठिकाणी किती, याचाही आराखडा तिने दिला होता.

पुढे काय झाले हे सर्वश्रुत आहे. २०१७ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात हजारी दोन खाटांचे उद्दिष्ट आहे. भोर समितीच्या अहवालानंतर एकाहत्तर वर्षांनी आपण ठेवलेले लक्ष्य तिच्या लक्ष्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. समिती स्वप्नाळू होती असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. तिने आधी माणसे मोजली आणि मग खाटांचा आकडा काढला. आपण पुढे तिजोरी पाहून आकडा ठरवू लागलो.

३. सन १९५६: सीमा आणि खाटा

आता आपल्या मुलुखाकडे वळू. छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग शाळेत आपण शिकलो आहोत, एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. सौंसर आणि पांढुर्णा हा घाटाखालचा भाग नागपूरच्या मैदानाचाच विस्तार आहे. भाषा मराठी, पीक संत्र्याचे आणि कापसाचे, बाजार नागपूरचा. रेल्वेनेही हेच नाते पक्के केले. पांढुर्णा नागपूर-इटारसी मार्गावर आले, आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा या छोट्या लाईनवर. ती छोटी गाडी २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. पण तोपर्यंत आमच्या कित्येक पिढ्यांचे आजारी तिनेच नागपूरला गेले. दोन गावे, दोन मार्ग, आणि दोन्ही मार्गांचे दक्षिणेकडचे टोक एकच.

१९५६ पर्यंत यात विसंगत असे काही नव्हते. नागपूर ही मध्य प्रांताची, पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि १९५० नंतर त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. मेयो इस्पितळ तेथेच, रॉबर्टसन मेडिकल स्कूल तेथेच, आणि १९४७ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच. ते सारे प्रांताच्या पैशातून उभे राहिले. त्या पैशात घाटाखालच्या शेतकऱ्याने भरलेला सारा होता, आणि तेथील खाटांवर त्याचा हक्क इतरांइतकाच होता.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार के. एम. पणिक्कर हे त्याचे सदस्य. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा एकक धरला. त्यामुळे विदर्भाचे आठ जिल्हे एकीकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा आपल्या मराठी तहसिलीसह दुसरीकडे राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश अस्तित्वात आले आणि त्याची राजधानी भोपाळला गेली. भाषेच्या दृष्टीने आपले काय झाले, यावर या व्यासपीठावरून पूर्वी बोलले गेले असेल. आरोग्याच्या दृष्टीने काय झाले, याची चर्चा क्वचितच होते. त्या एका दिवसात आपल्या सर्वांत जवळच्या मोठ्या इस्पितळाच्या खाटा दुसऱ्या राज्याच्या झाल्या.

रोग्याने मात्र आपली वाट बदलली नाही. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, सौंसरहून त्याहून कमी. भोपाळ आणि जबलपूर दूर. तेव्हा माणसे नागपूरलाच जात राहिली आणि अजूनही जातात. २०१९ साली छिंदवाड्याला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया भागात खोकल्याच्या विषारी औषधाने बालके दगावली, तेव्हा त्यांतील अनेकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपूरलाच न्यावे लागले. संकटकाळी पावले कोठे वळतात, हे त्या मातापित्यांनी पुन्हा एकदा दाखवून दिले.

येथे हिशेबाची अडचण सुरू होते. महाराष्ट्र सरकार नागपूरच्या खाटा महाराष्ट्राच्या लोकसंख्येसाठी मोजते. मध्य प्रदेश सरकार आपल्या हद्दीतील खाटा आपल्या लोकसंख्येसाठी मोजते. पांढुर्ण्याचा रोगी नागपूरच्या खाटेवर निजतो, तेव्हा त्याने वापरलेली खाट त्याच्या राज्याच्या वहीत नाही आणि त्याचे नाव त्या खाटेच्या राज्याच्या लोकसंख्येत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली सुरू केलेल्या जीवनदायी योजनेचा लाभ महाराष्ट्राच्या शिधापत्रिकाधारकांना होता. शेजारच्या खाटेवरच्या काटोलच्या माणसाला तो मिळे, पांढुर्ण्याच्या माणसाला नाही. आणि दोघांमध्ये अंतर काय ते एका सीमारेषेचे. यात कोणा अधिकाऱ्याचा दुष्टावा नाही, वहीच तशी आखलेली आहे.

४. जेथे खाटा फार झाल्या

खाटांची संख्या सरकारने ठरवावी, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती अमेरिकेत. तो इतिहास आपल्याला उद्बोधक आहे. भोर समितीचा अहवाल आला त्याच १९४६ साली अमेरिकेत हिल-बर्टन कायदा झाला. हजारी साडेचार खाटांचे लक्ष्य ठेवून तेथील सरकारने इस्पितळे बांधण्यास मुक्तहस्ताने पैसा दिला. पंधरा वर्षांत उलटी काळजी सुरू झाली. मिल्टन रोमर नावाच्या अभ्यासकाने दाखवून दिले की विम्याचा पैसा मिळत असला म्हणजे बांधलेली खाट रिकामी राहत नाही. तिला रोगी मिळतोच. १९६४ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला की नवे इस्पितळ किंवा शुश्रूषागृह काढावयाचे तर आधी गरज सिद्ध केली पाहिजे. १९७४ साली संघराज्याच्या कायद्याने हा ‘गरजेचा दाखला’ बहुतेक सर्वत्र लागू झाला. १९८६ साली तो कायदा रद्द झाला, परंतु अनेक राज्यांनी आपापला दाखला पुढेही चालू ठेवला. मिनेसोटा राज्याने तर १९८३ साली शुश्रूषागृहांच्या नव्या खाटांवर सरसकट बंदी घातली.

या दाखल्याने खर्च खरोखर आटोक्यात आला की जुन्या संस्थांना स्पर्धेपासून संरक्षण मिळाले, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही. आपल्याला त्यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे. वृद्ध गरिबांच्या शुश्रूषागृहाचा खर्च १९६५ पासून तेथील सरकार देऊ लागले, म्हणून सरकारला खाटा मोजाव्या लागल्या. ज्याला पैसे द्यावे लागतात तो हिशेब ठेवतो. आपल्याकडे रोगी स्वतःच्या खिशातून, शेत गहाण टाकून किंवा दागिने मोडून पैसे देत आला. त्याने हिशेब ठेवला, पण त्याची वही कोणी पाहिली नाही.

५. पुनर्वसनाची खाट

आतापर्यंत मी उपचाराच्या खाटेविषयी बोललो. दुसरी एक खाट आहे, तिचा विचार आपल्याकडे फारच थोडा झाला. अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस वाचतो, पण त्याला पुन्हा बसायला, बोलायला, चालायला शिकावे लागते. संत्र्याच्या झाडावरून पडून कंबर मोडलेल्या मजुराचे हाड जुळते, पण त्याचे पाय चालते व्हायला महिने लागतात. ही पुनर्वसनाची खाट. तिच्यासाठी आपल्या दोन्ही राज्यांच्या शुश्रूषागृह कायद्यांनी निराळा असा काही हिशेब मांडला नाही. १९२७ पासूनच्या व्याख्येत ‘दुर्बलता’ हा शब्द आहे. पण त्या शब्दासाठी खाट निघाली नाही.

सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले ते तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रारंभी तर बंदिवासाच्या हेतूने. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची तरतूद करीत होता. केंद्राने तो २०१६ साली रद्द केला. मनोरुग्णांच्या संस्थांना परवान्याची अट १९८७ च्या कायद्याने घातली, आणि अपंगांच्या संस्थांना नोंदणीची अट १९९५ च्या कायद्याने. पुढे २०१६ आणि २०१७ साली या दोन्ही कायद्यांची जागा नव्या कायद्यांनी घेतली. या साऱ्यांत अर्धांगवायूचा म्हातारा कोठेच ठळकपणे दिसत नाही.

मात्र आपल्याच जुन्या प्रांतात या खाटेचा आदर्श घालून दिला गेला होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभारले. वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि तिच्यातून आनंदवन फुलले. रोग बरा झाला म्हणजे काम संपले असे या तिघांनी मानले नाही. माणूस पुन्हा हाताने काम करू लागला म्हणजे तो बरा झाला, अशी त्यांची कसोटी होती. वर्धा, अमरावती आणि त्या वेळचा चांदा हे जिल्हे तेव्हा छिंदवाड्यासह एकाच प्रांतात होते. म्हणजे हा वारसा आपलाही आहे. १९५६ साली तोही सीमेपलीकडे राहिला.

६. नवा जिल्हा, जुना प्रश्न

अलीकडे दोन गोष्टी घडल्या आहेत. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यातील संलग्न इस्पितळात चालते. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तर वर्षांवरील सर्वांना तिची दारे उघडली. पांढुर्ण्याच्या रोग्याचा नागपूरचा खर्च सरकारी वहीत चढण्याची सोय झाली. परंतु इस्पितळातून सुटल्यानंतरच्या फक्त पंधरा दिवसांचा खर्च या योजनेत धरलेला आहे. सोळाव्या दिवशी अर्धांगवायूचा रोगी पुन्हा आपल्या सुनेच्या किंवा मुलीच्या हाती येतो. आपल्या मुलुखात पुनर्वसनाची सर्वांत मोठी संस्था म्हणजे घरची बाई. तिची नोंदणी नाही, तिला परवाना नाही आणि तिला सुटीही नाही.

दुसरी गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा झाल्याचा आनंद आपण फटाके वाजवून साजरा केला. आता त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. आपल्या देशात खाटा जिल्ह्याच्या हिशेबाने वाटल्या जातात. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय, असे कलम आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि शारीरिक उपचारांची सोय धरलेली आहे. १९५६ साली जिल्हा हा एकक धरल्यामुळे आपले नुकसान झाले. आज तोच एकक आपल्या बाजूला आला आहे.

येथे सावधगिरीची एक सूचना दिली पाहिजे. त्या २००७ च्या कायद्यातील वृद्धाश्रमाच्या कलमात राज्य सरकार ते स्थापन ‘करू शकेल’ असे शब्द आहेत, ‘करील’ असे नाहीत. सरकारी रुग्णालयांतील खाटांविषयीच्या कलमात ‘शक्य तेथवर’ असे शब्द आहेत. मागणारा कोणी नसेल तर ‘करू शकेल’ याचा व्यवहारातला अर्थ ‘करणार नाही’ असाच होतो. म्हणून मागणी नेमकी पाहिजे, आणि तिच्यासोबत आकडा पाहिजे.

तो आकडा काढण्याचे काम मी या विद्यालयापुढे ठेवतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावात विचारावे: गेल्या वर्षी किती जण नागपूरला गेले, किती दिवस राहिले, परत आल्यावर किती महिने अंथरुणावर होते, आणि त्यांची शुश्रूषा कोणी केली. नावे लिहिण्याचे कारण नाही, संख्या पुरे. ही वही पांढुर्ण्याच्या कलेक्टरांपुढे ठेवली तर निदान आम्हाला ठाऊक नव्हते असे कोणाला म्हणता येणार नाही. नागपूरकडे जाणाऱ्या वाटेबद्दल आपण कृतज्ञच असावे. ती वाट बंद व्हावी, असे मला सुचवावयाचे नाही. ती वाट आपल्या हिशेबात धरली जावी आणि परतीच्या वाटेवर एक खाट असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

गुरुजी वर्गात आले की आधी हजेरी घेत. शिक्षक मंडळींना याचे मर्म माहीत आहे. पटावर नाव असले तरच गैरहजेरी लक्षात येते. पटावर ज्याचे नाव नाही ते मूल आले नाही तरी कोणी विचारीत नाही. गेली सत्तर वर्षे घाटाखालचा रोगी असा पटाबाहेर राहिला. त्याचे नाव पटावर घालण्याचे काम शाळेनेच हाती घ्यावे, यासारखे गुरुजींचे दुसरे स्मारक नाही, असे मला वाटते.